पांघरलेले कातडे

त्या मुलुखातली मेंढरे डोळ्यांवर विश्वास ठेवीत नसत. ओळख पटवायची ती नाकाने, असा तिथला कायदा होता, आणि कायद्याला कारण होते. कधीकाळी एक लांडगा मेंढीचे कातडे पांघरून कळपात शिरला होता. मान खाली घालून तो मेंढीसारखा चरत राहिला, आणि कळपाने दिसले त्यावर भरवसा ठेवला. त्या दिवशी जी मेंढरे गेली त्यांत पिळशिंग्या एडक्याची आई होती. पिळशिंग्या तेव्हा तिच्या पोटाखाली दूध पीत उभा होता.

पुढे तो मोठा झाला, शिंगे कानांभोवती वेढे घेऊन वळली, आणि कळपाने त्याला वाड्याच्या तोंडाशी उभे केले. वाडा बाभळीच्या काट्यांचा होता. त्याला दार नव्हते. एक देह आडवा मावेल एवढी मोकळी जागा होती, आणि दिवस मावळला की मेंढपाळ स्वतः तिथे आडवा होई. त्याआधी परतणाऱ्या प्रत्येकाला पिळशिंग्या हुंगून घेई. ज्याच्या अंगाला लांडग्याचा वास तो लांडगा, मग तो दिसो कसाही. भीतीतून जन्मलेले कायदे सहसा बंदिस्त असतात, आणि यालाही कुठे फट नव्हती. मेंढपाळाने तो केला नव्हता, मोडलाही नव्हता. सर्व आत आल्यावर तो एडक्याच्या पाठीवर हात ठेवी आणि आता तू नीज म्हणून सांगे. पिळशिंग्या मात्र एक डोळा उघडाच ठेवी.

टेकडीपलीकडे दुसरा कळप होता. त्याची राखण मजुरीवर ठेवलेल्या एका माणसाकडे होती. एका पहाटे लांडगे उतरले तेव्हा त्याने आधी आपली भाकरी उचलली, मग घोंगडी, आणि तो दिसेनासा झाला. मेंढरांचा आक्रोश टेकडी ओलांडून इकडच्या वाड्यापर्यंत आला. पहाट गारठ्याची होती. भोरी नावाची मेंढी नुकतीच व्यायली होती आणि तिचे कोकरू अशक्त होते. मेंढपाळाने आपली घोंगडी मायलेकरांवर पसरली, वाड्याच्या तोंडाशी काट्यांचा भारा ओढला आणि तो काठी घेऊन टेकडीकडे धावला.

तो परतला तेव्हा ऊन चढले होते. कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा हात फाटला होता. छातीशी एक कोकरू होते, त्याच पहाटे जन्मलेले. त्या कळपातले तेवढेच उरले होते. त्याची मान लांडग्याच्या लाळेने चिकट झाली होती, कारण लांडग्याने त्याला जबड्यात धरले होते, आणि तो जबडा हाताने उघडावा लागला होता.

मेंढपाळाने ते दुभत्या मेंढ्यांपुढे एकेक करून नेले. प्रत्येकीने हुंगले, आणि प्रत्येकीने लाथ झाडली. त्यांचा दोष काढता येत नाही. नाकाला जे कळत होते ते खरे होते. पण पहिल्या दिवसाचे दूध न मिळालेले कोकरू संध्याकाळ पाहत नाही, हेही तिथे सर्वांना ठाऊक होते.

भोरी घोंगडीपाशी उभी होती. घोंगडीखालचे कोकरू तिने चाटून चाटून ओले केले होते, आणि ते उठत नव्हते. मेंढपाळ तिच्याजवळ खाली बसला.

"तुम्ही इथं असता," भोरी म्हणाली, "तर माझं लेकरू गेलं नसतं."

मेंढपाळाने टेकडीचे कारण सांगितले नाही, गारठ्याचेही नाही. तो रडला. कळपाने त्याला तसे कधी पाहिले नव्हते. मग तो म्हणाला, "भोरी, ते मला देशील?"

कशासाठी, हे तिने विचारले नाही. ती एक पाऊल मागे सरली आणि तिने तोंड फिरवले.

पुढे जे घडले ते पाहताना कळपातल्या पुष्कळांनी माना फिरवल्या. मेंढपाळाने मेलेल्या कोकराचे कातडे अलगद सोडवले. घोंगडीतून लोकरीचे धागे ओढले. मग ते कातडे त्याने परक्या कोकराच्या अंगावर चढवले, पाय पायांच्या जागी घातले आणि पोटाखाली धाग्यांनी बांधले. ते दोन कातड्यांचे ओझे घेऊन कोकरू उभे राहायला धडपडत होते.

पिळशिंग्या जवळ आला. त्याने वरून हुंगले, मग कातड्याच्या कडेखाली नाक घालून हुंगले, आणि तो झटकन मागे सरला.

"त्या दिवशीही असंच होतं," तो म्हणाला. "वरून आपलं, आतून लांडगा."

कळपात कुजबुज उठली. दात पडलेली, बिनशिंगांची म्हातारी मेंढी, बोडकी आजी, तेवढी जागची हलली नाही. "अरे पिळशिंग्या," ती म्हणाली, "लांडगा आला तो आपल्याला खायला. हे आलंय ते प्यायला. दात तरी मोज त्याचे. माझ्याहून जास्त निघाले तर घालव बाबा खुशाल."

दोघीतिघी हसल्या. एडका हसला नाही. "आजी, त्या दिवशी त्याची चाल बघून तुम्हीच हसला होता," तो म्हणाला. ते खरे होते.

त्याने शिंगे खाली केली. कायदा त्याच्या बाजूने होता, कळप त्याच्या मागे होता, आणि त्याच्या नाकात आईच्या मरणाच्या दिवसाचा वास भरला होता. मेंढपाळ मध्ये येऊन उभा राहिला.

"हे कातडं मी चढवलंय," तो म्हणाला. "मारायचं तर मला मार."

पिळशिंग्या थांबू शकला नाही. त्याची धडक मेंढपाळाच्या फाटलेल्या हातावर बसली. मेंढपाळ डगमगला, पण बाजूला झाला नाही, आणि त्याने काठीही उचलली नाही. एडका धापा टाकत तिथेच उभा राहिला. दुसऱ्यांदा शिंगे खाली घालण्याचे बळ त्याला आले नाही.

इतक्या वेळात कोकरू धडपडत भोरीपाशी पोचले होते. भोरीने त्याचे शेपूट हुंगले, पाठ हुंगली. तो वास तिच्या पोटातून आलेला होता. मग कोकरू ओरडले, आणि तो आवाज तिच्या बाळाचा नव्हता.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "मला कळतं." तिने मेंढपाळाच्या हातातून ठिबकणारे रक्त पाहिले. मग तिने मागचे पाय फाकवले. "पण पिऊ दे त्याला."

कोकराने संध्याकाळ पाहिली, आणि दुसरी सकाळही. मेंढपाळ पूर्वीसारखा वाड्याच्या तोंडाशी आडवा होऊ लागला. पिळशिंग्या रोज कातड्याच्या कडेशी नाक नेई आणि फुरफुरून मागे येई. कातडे अंगावर कायमचे राहणार नव्हते, ते वाळून आकसू लागले होते. ज्या दिवशी ते उतरेल त्या दिवशी आतले बाहेर येईल, आणि मग भोरीच्या दयेलाही कायद्यापुढे उभे राहावे लागेल, असे त्याने सर्वांना सांगून ठेवले होते. त्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्याला केवळ पुन्हा फसायचे नव्हते.

तो दिवस आला तेव्हा कळप चरायला गेला नाही. मेंढपाळाने धागे कापले. कातडे जमिनीवर पडले आणि कोकरू स्वतःच्या पातळ लोकरीत उघडे उभे राहिले. भोरी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली, पण पिळशिंग्याला तिने अडवले नाही.

त्याने आधी मान हुंगली, जिथे दात लागले होते तिथेच. मग पोट, मग चारी पाय. भोरीच्या दुधाचा वास होता, वाड्यातल्या मातीचा होता, कळपाचा होता. त्याने पुन्हा मान हुंगली. जे शोधायला तो आला होता ते तिथे नव्हते.

मग त्याचे नाक जमिनीवरच्या कातड्याकडे वळले, आणि त्याच्या पाठीवरची लोकर उभी राहिली. जी बाजू इतके दिवस कोकराच्या अंगाला लागून होती, तिच्यात लांडगा होता. लाळ, जबडा, ती पहाट, सगळे तिथे उतरले होते.

मेंढपाळाने ते कातडे उचलले आणि स्वतःच्या खांद्यांवर घेतले. वाड्याच्या तोंडाशी तो आला तेव्हा त्याच्या अंगाला लांडग्याचा वास येत होता, आणि कायद्याने आता लांडगा तोच होता. पिळशिंग्याने तो वास घेतला, आणि हळूहळू त्याची मान जमिनीपर्यंत वाकली. मेंढपाळ काट्यांच्या कुंपणाबाहेर पडला आणि ते ओझे घेऊन उजाड माळाकडे एकटाच चालू लागला. मागे भोरीच्या पोटाखाली कोकरू दूध पिण्यात इतके गढले होते की त्याने मान वर करून पाहिलेही नाही.