अभयवनाचे मीठ

एका राज्यात जनावरे बोलत असत. पोपट पढवलेले बोलतो तसे नव्हे. बैल बोलत, उंट बोलत, दाराशी बसलेले कुत्रेसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला चार शब्द ऐकवी. याचे कुणाला नवल नव्हते. नवल ज्याचे वाटायला हवे होते, ते वेशीबाहेर होते, आणि त्याचेही कुणाला काही वाटत नव्हते.

वेशीबाहेर अभयवन होते. म्हातारी, लंगडी, धन्याने टाकलेली जनावरे तिथे नेऊन ठेवत. शीलगुप्त नावाचा मांत्रिक तिथला कारभार पाही. दारावर सोन्याची अक्षरे होती, 'राजा प्रसेनाचे अभयवन'. वर्षातून एकदा उत्सव होई. राजा आणि प्रजा पंगतीला बसत, मग सज्जात उभे राहून अंगणातली जनावरे बघत. शीलगुप्त हात उंच करी आणि सगळी जनावरे एका सुरात म्हणत, "आम्ही सुखात आहोत." बायका डोळे पुसत. राजा मांत्रिकाच्या गळ्यात मोत्यांचा कंठा घाली. जनावरे जितकी अधिक, तितका कंठा मोठा, असा दंडक होता.

राजाला एकच लेक, कुवलया. गुणाची पोर, पण मुलखाची चौकस. मोर एका पायावर का झोपतो, प्रधानजी बोलण्याआधी का खाकरतात, हे विचारून विचारून तिने दायांना हात टेकायला लावले होते. तिची लाडकी घोडी तरंगिणी पायाने अधू झाली, तेव्हा वैद्याच्या सांगण्यावरून तिला अभयवनात धाडले होते. कुवलया सणासुदीला तिच्यासाठी फुलांचे हार पाठवी आणि निश्चिंत असे.

एका वर्षी ती स्वतः उत्सवाला गेली. त्या दिवशी तिचा कडक उपास होता, म्हणून ती पंगतीला बसली नाही. सज्जातून तिने तरंगिणीला ओळखले आणि कान देऊन ऐकले. घोडीही म्हणत होती, "आम्ही सुखात आहोत."

तरंगिणी आणि सुखात! हरभरा कडक, पाणी कोमट, खोगीर टोचरे, असे म्हटल्याशिवाय या घोडीने जन्मात दिवस ढकलला नव्हता. राजवाड्यातला सोन्याचा तबेलासुद्धा तिला दमट वाटे. ती सुखात आहे म्हणते?

"तात, अभयवनात काही उणे आहे का?" कुवलयेने राजाला विचारले.

"अभयवनात काही उणे नाही," राजा म्हणाला.

तिने प्रधानाला विचारले. "अभयवनात काही उणे नाही." आचाऱ्याला विचारले. तेच शब्द, तोच सूर. आता हा आचारी असा, की साक्षात इंद्राच्या स्वयंपाकघरात दहा खोडी काढील. कुवलयेला राहवेना. दुसऱ्या सकाळी ती एकटीच वेशीबाहेर पडली.

अभयवनाच्या भिंतीलगत माळावर एक टिटवी अंडी उबवीत बसली होती.

"टिटवीताई, आतली जनावरे खरोखर सुखात आहेत का?"

"मला काय विचारतेस? मी तर अपशकुनी."

"तू भिंतीला लागून राहतेस, म्हणून विचारते."

टिटवीने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिले. "इतकी वर्षे इथे राहते, पण हे विचारणारी तू पहिली. मग ऐक. आत कोठीत मंत्र घातलेली मिठाची शिळा आहे. चाऱ्यात तेच मीठ, पंगतीतही तेच. जो ते खाईल, त्याच्या तोंडून अभयवनाविषयी वावगा शब्द निघत नाही. खाल्ल्या मिठाला जागतात बिचारे."

"यावर उतारा?"

"तीन कामे आहेत. पहिले, उत्सवाचा दिवस सोडून वर्दी न देता आत जायचे आणि तिथला कणही न खाता सगळे पाहायचे. दुसरे, शिळा वाहत्या पाण्यात सोडायची, म्हणजे जिभा तात्पुरत्या सुटतील. तिसरे, दारावर ज्याचे नाव आहे, त्याने जनावरांची गाऱ्हाणी शेवटपर्यंत ऐकायची. मध्ये तो एकदा जरी 'पण' म्हणाला, तरी सगळ्यांच्या जिभा कायमच्या बांधल्या जातील."

"पहिली दोन मी करीन. तिसरे माझ्या हातचे नाही."

"म्हणून तर ते शेवटी ठेवले," टिटवी म्हणाली, आणि अंडी सावरून बसली.

कुवलया भर दुपारी मागच्या दाराने आत शिरली. सज्जातून दिसणारे अंगण झाडलेले, सारवलेले होते आणि तिथे सुगंधी धूप जळत होता. त्यापलीकडे एक भिंत होती, आणि भिंतीमागे अभयवन होते. एका गाईच्या मानेत दावे इतके रुतले होते की त्यावर कातडे चढले होते. उंटाच्या पाठीवर माश्यांचे मोहोळ बसले होते. ससे, हरणे, अस्वले एकमेकांना चिकटून उभी होती, कारण बसायला जागा नव्हती. तरंगिणी घोट्याएवढ्या घाणीत उभी होती. तिचा खूर सडला होता.

"तरंगिणी, फार दुखते का ग?"

"मी सुखात आहे," घोडी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागले.

कुवलयेला रडू आवरेना. तेवढ्यात एक राखणदार धावत आला. राजकन्येला पाहून तो गडबडला, आणि लगबगीने ताकाचा पेला घेऊन आला. "उन्हाची आलात, ताईसाहेब. चिमूटभर मीठ घालून ताक घ्या." घसा कोरडा पडला होता. ताक थंडगार होते. कुवलयेने हात मागे घेतला. "माझे विचारून संपल्याशिवाय मी काही पीत नसते," ती म्हणाली.

कोठीच्या दाराशी दोन दगडी सिंह बसले होते. त्यांनी पंजे आडवे केले.

"इथले मीठ खाल्ल्यावाचून पुढे जाता येत नाही," पहिला म्हणाला.

"तुम्ही खाल्ले आहे का?" कुवलयेने विचारले.

सिंह एकमेकांकडे बघू लागले. दगडाला कोण मीठ घालणार?

"म्हणजे तुमची जीभ मोकळी आहे. तुम्ही रोज सगळे पाहता. कसे वाटते इथे?"

"वाईट वाटते," दुसरा म्हणाला. मग त्यांनीच शिळा पाठीवर घेतली, नदीपर्यंत वाहून नेली आणि धारेत सोडली. शिळा विरघळली. मासे खोकत खोकत दूर पळाले. सिंह परत येऊन आपल्या जागी बसले.

आता उरला राजा. कुवलया त्याच्यापुढे उभी राहिली. "तात, मला एक दुपार द्या. आणि कितीही जिवावर आले तरी 'पण' म्हणू नका. तुम्ही म्हणालात, तर माझी तरंगिणी मेली तरी खरे बोलू शकणार नाही."

राजा लेकीवर जीव टाकी. तो आला. शीलगुप्त आडवा आला, त्याला त्याने हाताने बाजूला केले, आणि भिंतीमागे चिखलातच मांडी घातली.

गाईने दाव्याचे सांगितले. उंटाने माश्यांचे सांगितले. राजाने पाहिले, ऐकले, आणि त्याची मान खाली जात राहिली. मग एक ससा पुढे आला.

"महाराज, मी आजारी नव्हतो. मला माळावरून धरून आणले. माझ्या सगळ्या कुळाला आणले. जनावरे जास्त दिसली की कंठा मोठा मिळतो, हा दंडक तुमचा."

राजाचे ओठ हलले. दंडक चांगल्या हेतूने घातला होता. ते सांगावेसे कुणाला वाटणार नाही? राजाने ओठ दातांत धरला, रक्त येईपर्यंत धरला, आणि नुसती मान हलवली.

शेवटी तरंगिणी बोलली. ती राजाशी बोलली नाही.

"कुवलये, तू फुले पाठवीत राहिलीस. हार गळ्यात घालून मी याच घाणीत उभी असे. एकदा येऊन का पाहिले नाहीस?"

जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणाऱ्या मुलीपाशी या एका 'का'ला उत्तर नव्हते. ती घोडीच्या गळ्यात पडून रडली.

गाऱ्हाणी संपली तसा मंत्र कायमचा तुटला. अंगणातला सुगंधी धूप विझला आणि खरा वास वेशीपर्यंत पोचला. जनावरांनी एकच गलका केला. राजाने शीलगुप्ताकडे पाहिले. मांत्रिकाने कंठे काढून खाली ठेवले.

"पहिला बैल मी स्वतः दलदलीतून ओढून काढला होता, महाराज. खांद्याची हाडे निखळली होती माझी."

"खरे आहे," कोपऱ्यातून एक म्हातारा बैल म्हणाला. "तो बैल मीच."

"मग मीठ कशाला?" राजाने विचारले.

"एके दिवशी याने तक्रार केली. चारा ओला आहे म्हणाला. त्याच्यासाठी मी एवढे केले होते. मला ते ऐकवले नाही."

"याला देशोधडीला लावतो," राजा गरजला.

"नको, महाराज," बैल म्हणाला. "याची विद्या काढून घ्या आणि हाती टोपली द्या. इथेच राहू दे. आम्ही बोलू, तो ऐकेल."

तसेच झाले. शीलगुप्त शेण उचलू लागला, आणि दिवसभर त्याला बोलणी बसू लागली. ससे आणि हरणे माळावर सोडली. मोठ्या कंठ्याचा दंडक मोडला, दाराचा अडसर काढला. कुणीही, केव्हाही, न सांगता आत यावे अशी दवंडी पिटली. दारावरचे आपले नाव राजाने तसेच ठेवले, कारण आता त्याला तिथे रोज जावे लागणार होते.

कुवलया तरंगिणीला न्यायला आली. वैद्याने खुराला लेप बांधला होता. दाराशी येऊन घोडी थबकली.

"तुझ्या घरीही मी तुझेच मीठ खाणार," ती म्हणाली. "तिथे मला बोलता येईल का?"

हो म्हणणे सोपे होते. शीलगुप्तही पहिल्या दिवशी हो म्हणाला असता.

"मला ऐकवेल की नाही, ठाऊक नाही," ती म्हणाली. "नाही ऐकवले, तर तू दार ढकलून इकडे निघून ये. मी तबेल्याला कडी लावणार नाही."

तरंगिणीने दुखरा पाय सांभाळून पुढे टाकला.