पहाऱ्यासाठी तोडलेली झाडी

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून नावे पडायची होती तेव्हा, एका उतारावर दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. मधे दाट झाडी होती आणि त्या झाडीत एक झरा.

वरच्या वाडीच्या बायका हंडे घेऊन झऱ्यावर उतरत. खालच्या वाडीला त्याच झऱ्याचा पाट जाई. पाटाचे पाणी कोणाच्या शेतात कधी वळवायचे, हे तिथला पाटकरी ठरवी. पाटकऱ्याने स्वतःच्या शेताला सर्वांच्या शेवटी पाणी घ्यायचे, अशी रीत होती. हा पाटकरी ती कधी मोडत नसे, म्हणून लोक त्याचा शब्द मानीत.

एका वर्षी पाऊस जरा कमी झाला आणि पाट बारीक झाला. कारण एवढे साधे होते. पण साध्या कारणाने माणसाचे समाधान होत नाही.

"पाटकरीबुवा, पाणी नेमकं कुठं मुरतंय?" पारावर एकाने विचारले.

"यांच्या केळी बघा की! काय हिरव्यागार दिसतात!" दुसरा म्हणाला. सगळे हसले. पाटकरी हसला नाही.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "चोर सापडला नाही, तर हे लोक मलाच चोर ठरवतील. पाट हातातून जाईल आणि अब्रूही."

"अहो, पण चोरी झालीय हे कुणी सांगितलं?"

"मग पाणी काय पायांनी चालत गेलं? वरच्या वाडीचंच काम आहे हे."

तो पहाऱ्याला बसू लागला. पण झाडीमुळे झरा दिसेना. पान हलले तरी त्याला कोणीतरी लपल्यासारखे वाटे. शेवटी त्याने लोकांना गोळा केले. "झाडी तोडू या. पारावरून झरा दिसला, की चोरही दिसेल."

कुणालाच यात वावगे वाटले नाही. कोयते चालले, आणि पारावर बसून झरा दिसू लागला. चोर मात्र दिसला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस भरपूर झाला. पण तो मुरला नाही, धावत सुटला. तांबडी माती पाटातून खाली आली आणि भातावर बसली. पाखरे निघून गेली होती, म्हणून उरलेल्या पिकावर अळी माजली. उन्हाळ्यात उघड्या उतारावरून गरम वारा आला आणि पाट करंगळीएवढा झाला.

"चोर आता सावध झालाय," पाटकरी म्हणाला. "वरच्या अंगाने येतो. आणखी तोडा."

आणखी तोडली. एके दिवशी पाट आटला. आता लोक त्याच्या तोंडावर बोलू लागले, "चोर दाखव, नाहीतर पाट सोड."

भल्या पहाटे काठी घेऊन तो झऱ्यावर चढला. तिथे वरच्या वाडीची कारभारीण उभी होती. तिच्याही हातात काठी होती.

"सापडलास!" ती ओरडली.

"मी? चोर तर तुम्ही!"

"वा रे वा! आमचे हंडे भरेनात, ते काय आम्हीच पाणी चोरलं म्हणून? पाट खोल करून सगळं पाणी ओढलंत तुम्ही!"

"मग वरची झाडं कुणी तोडली?"

"आम्हीच. तुमच्यावर नजर ठेवायला."

तेवढ्यात दगडाखालून एक म्हातारा खेकडा बाहेर आला. "भांडा, भांडा. झरा आटला, मीही निघालोच इथून; जाता जाता तेवढीच करमणूक."

"तू इथलाच. सांग, चोर कोण?" पाटकऱ्याने विचारले.

"चोर आला असता तर बरं झालं असतं. हंडाभर पाणी नेलं असतं, झरा राहिला असता! अरे, पाऊस आधी पानांवर उतरायचा, मग पाचोळ्यावर. गांडुळांनी माती भुसभुशीत ठेवलेली. ती पाणी पोटात धरायची आणि घोट घोट सोडायची. झाडांचा ओलावा हवेत राहायचा. पाखरं किडे टिपायची, नव्या झाडांचं बी टाकायची. यातलं काय ठेवलंत तुम्ही?"

हा खेकडा तिच्या बाजूचा असणार, असे पाटकऱ्याच्या मनात आले. त्याने कारभारणीकडे पाहिले. तीही खेकड्याकडे तशाच बारीक डोळ्यांनी बघत होती.

त्याने काठी जमिनीत खुपसून पाहिली. पूर्वी तिथे काठी सहज रुतत असे. आता ती दगडावर आपटावी तशी उडाली. काठी तिथेच टाकून पाटकरी उतार उतरू लागला.

पारावर येऊन तो म्हणाला, "चोर सापडला. झाडी तोडा म्हणणारा मीच." लोकांनी त्याच्याकडून पाट काढून घेतला. पण पाटात पाणीच नव्हते.

दोन्ही वाड्या उठल्या आणि दूर नदीकाठच्या परक्या गावी गेल्या. तिथे हंडा बुडवायला वाकले, की मागून कुणीतरी विचारी, "कोण रे तुम्ही? कुणाला विचारून पाणी नेता?" पाटकरी मान खाली घालून सांगे, "पाहुणे आहोत." ते कुणाला खरे वाटत नसे.

त्या उतारावर पुन्हा झाडी वाढली आणि झराही वाहू लागला, असे म्हणतात. खरे असावे. तिथे पहारा करायला कोणी उरले नव्हते.

बोध: माती, पाणी, वारा आणि जीव एकमेकांच्या आधाराने जगतात, संशयापोटी त्यातले एक तोडले, की चोर नसतानाही सगळे चोरीला जाते.