राही भोईणीचा उंबर

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. माझ्या आजानं त्याच्या आजाकडून ऐकलेली. आमच्या उतारावर तेव्हा येसू भोई नाव चालवायचा. एकदा हैबती नावाचा माणूस चोरीचे बैल घेऊन आला आणि म्हणाला, पलीकडं ने. येसू म्हणाला, चोरीचं जनावर माझ्या नावेत बसत नाही. त्या दिवसापासून येसू दिसला नाही. वल्ह्यावर रक्त सापडलं, साक्षी झाल्या आणि हैबतीला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण येसूचं प्रेत काही मिळालं नाही. त्याच्या बायकोनं, राहीनं, वल्हं हातात घेतलं. नवऱ्याला अग्नी नाही, माती नाही, म्हणून ती कपाळाचं कुंकूही पुसेना.

चौदा वर्षांनी हैबती परत आला. गळ्यात माळ, अंगाला भस्म, आवाज असा गोड की कीर्तनाला दगड पाझरायचे, असं म्हणतात. तो रडत सांगायचा, "माझ्या हातून फार मोठं पाप घडलं. तो हैबती मेला." गाव पाया पडू लागलं. पलीकडच्या मठाची गादी रिकामी होती. पाटलानं ठरवलं, हैबतीबुवांना तिथं बसवायचं.

वाजतगाजत सगळे उतारावर आले. बुवा नावेत चढले आणि नाव हलेना. छातीएवढं पाणी, तरी जशी खडकात रुतलेली. बुवा उतरले की नाव तरंगायची, बसले की पुन्हा रुतायची, असं म्हणतात.

पाटील म्हणाला, "राहीबाई, माणूस बदलतो. मन मोठं कर."

"बदलत असेल, पाटील. माझा माणूस कुठं आहे, तेवढं या बदललेल्या माणसानं सांगावं."

बुवा डोळे मिटून म्हणाले, "माय, तो हैबती मेला."

"एक मेलेला मला अजून सापडला नाही. हा दुसरा कशाला दाखवतोस? इतके अभंग पाठ केलेस, एक जागा आठवेना होय?"

"जे घडलं ते घडलं, माय."

राही वल्ह्यावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "पाऊस पडतो, त्याला घडलं म्हणतात. तू केलंस. घडलं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. केलं म्हटलं की कुठं केलं ते सांगावं लागतं. म्हणून तुझ्या तोंडी तो शब्द येत नाही."

वाजंत्री थांबली. लोक हळूहळू घरी गेले. हैबती तीन दिवस नावेतच बसून राहिला. अन्न नाही, अभंग नाही. राही समोर बसून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "मी केलं. येसूला मी मारलं. खालच्या वळणावर उंबर आहे, त्याच्या मुळाशी मी पुरलं."

वल्हं न लावता नाव सुटली आणि आपली आपण त्या उंबराला जाऊन लागली, असं म्हणतात. खणलं तर हाडं निघाली आणि येसूचा चांदीचा करदोटा. राहीनं अग्नी दिला आणि मगच कुंकू पुसलं.

पाटलानं विचारलं, "आता पटलं ना बुवांचं?"

ती म्हणाली, "हाडं खरी आहेत. त्याचं मन मी खणून पाहिलेलं नाही."

हैबती गादीवर गेला नाही. पलीकडं झोपडी बांधून राहिला आणि मरेपर्यंत रोज उंबराला पाणी घालायला यायचा. राही त्याला रोज न्यायची, आणायची. पण नावेत त्याला कायम आपल्या समोर बसवायची. त्याच्याकडं पाठ तिनं एक दिवसही केली नाही. तो खरंच पालटला होता का? मला विचाराल तर मला नाही सांगता येत. तिलाही सांगता आलं नसावं.

आता पूल झाला. उंबर आहे. गावात कुणाचं काही चुकलं तर त्याला उंबराखाली उभं करतात. तो मान खाली घालून म्हणतो, "माझ्या हातून घडलं." मग जमलेल्यांतली सगळ्यात म्हातारी बाई राहीच्या नावानं एकच शब्द विचारते, "कुठं?"