तंबूतल्या खुर्च्या

दोष तात्या इंगळ्यांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात अजून सगळे गेनूलाच हसतात.

तर तळवडी गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल तेवढं करायचा आणि सांगाल तसंच करायचा. त्याच गावात एक सिनेमा कंपनी होती. तंबू ठोकून सिनेमे दाखवायची. गावकऱ्यांनीच शेअर घेतलेले. घरोघरी टीव्ही आले आणि कंपनी मोडीत निघाली. यंत्र विकलं, तंबू विकला, देणी फिटली. उरल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. ठरलं, एका शेअरला एक खुर्ची.

पण शेअर घेऊन जमाना झालेला. कुणी मेलं होतं, कुणी गाव सोडलं होतं. त्यांना शोधून खुर्च्या वाटायचं काम तात्यांकडे होतं. तात्या म्हणजे निवृत्त मास्तर. उन्हात हिंडायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी गेनूला धरलं.

गेनूच्या मेलेल्या बापाचा, महादूचाही एक शेअर होता. गेनूची आई कोंडाबाई गुडघ्यांनी अधू. जमिनीवर बसली की उठताना तिला देव आठवायचे. ऐकूही कमी यायचं. हाक मारलेली कळायची, कुणी मारली ते कळायचं नाही.

ती म्हणाली, "गेन्या, आधी आपली खुर्ची आण रे. टेकले की उठवत नाही बघ."

तात्या म्हणाले, "छे! वाटणाऱ्यानं शेवटी घ्यावं. याला संस्कार म्हणतात."

स्वतः तात्या मात्र पहिल्याच खुर्चीत बसले होते.

"हे बघ गेन्या, शेअरवाला दिसला की खुर्ची थेट त्याच्या हातात द्यायची. भुईला टेकवायची नाही."

"बरं तात्या."

सखाराम शिडीवर चढून घराला चुना देत होता. एका हातात बादली, एका हातानं शिडी धरलेली.

"सखारामदादा, हात!"

सखारामानं सवयीनं हात पुढे केला. गेनूनं खुर्ची दिली. सखाराम, खुर्ची आणि चुना एकदमच खाली आले.

तात्या ओरडले, "अरे शुंभा! माणूस अडचणीत असला तर घरच्याला द्यावी!"

"घरचा कसा ओळखू?"

"त्याच्या नावानं जो रडतो, तो घरचा."

"बरं तात्या."

पुढची खुर्ची धोंडू नलावड्याची. धोंडू गाव सोडून गेलेला, घराला कुलूप. त्याच्या नावानं कोण रडतं, हे विचारत गेनू गावभर फिरला. सापडला एस.टी. स्टँडवरचा चहावाला. धोंडूचं नाव काढताच त्यानं गळा काढला. धोंडू त्याची उधारी बुडवून पळाला होता.

गेनू म्हणाला, "रडू नको. ही घे खुर्ची."

तात्यांनी कपाळावर हात मारला. "रडण्यावर काय जातोस? चेहरा बघावा! बापाचं नाक पोराला येतंच."

"बरं तात्या."

पुढची खुर्ची कैलासवासी बापू जगदाळ्याची. बापूचं नाक पोपटासारखं, साऱ्या गावाला माहीत. गेनूनं बापूची पोरं ओळीनं उभी केली. सगळ्यांची नाकं चपटी. गेनू खुर्ची घेऊन गल्लीत फिरला आणि पोपटाचं नाक त्याला तीन घरं सोडून सापडलं.

तो मोठ्यानं म्हणाला, "शिवाजी, ये. बापाची खुर्ची घेऊन जा."

शिवाजीचा बाप दारातच दात घासत होता.

नंतर जे झालं ते मोठ्यांना विचारा. तेही सांगणार नाहीत. खुर्चीचा एक पाय मात्र अजून त्याच गल्लीत आहे.

आता तात्या घाबरले. दोन म्हाताऱ्यांशी कुजबुजून त्यांनी कायदाच केला.

"गेन्या, आता डोकं चालवायचं नाही. दारात उभं राहायचं. वारसाच्या नावानं तीन हाका मारायच्या. तो घरातून बाहेर आला तर खुर्ची द्यायची. नाही आला तर दोन पंचांसमोर 'बेपत्ता' म्हणायचं आणि खुर्ची चावडीत जमा करायची."

चावडीत कोण बसतं? हेच तिघं.

गेनूनं चोख काम केलं. सारा गाव रानात कामाला गेलेला, हाकेला बाहेर येणार कोण? दुपारपर्यंत चावडी खुर्च्यांनी भरली. शेवटी एक खुर्ची उरली. बापाची. ते दोन म्हातारे पंच म्हणून बरोबर होतेच. गेनू आपल्या दारात उभा राहिला.

"महादूचा वारस गेनू आहे का घरात?"

आतून कोंडाबाई म्हणाली, "नाही रे बाबा."

"गेनू आहे का?"

"नाही म्हटलं ना! लोकांच्या खुर्च्या वाटत हिंडतंय गाढव!"

"गेनू!"

"थांब जरा, उठते. कोण आहेस तू?"

ती भिंतीला धरून उठायला लागली. तिला वेळ लागतो.

गेनू पंचांकडे वळला. "बेपत्ता."

पंचांनी गेनूकडे नीट बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं.

एक म्हणाला, "घरात तर नाही बुवा."

दुसरा म्हणाला, "आईच सांगते म्हटल्यावर!"

कोंडाबाई दारात आली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

संध्याकाळी तिनं विचारलं, "गेन्या, आपली खुर्ची रे?"

"आपल्या घरी कुणी सापडलंच नाही, आई."

गेनूची खुर्ची गेली. त्या खुर्चीवर तात्या पाय ठेवतात. आई जमिनीवर बसते.