शेवंतीचा प्रश्न

“मग छाटी कधी देताय, बुवा?”

वर्षभराचं मौन संपवून परुळेकर वकिलांनी तोंड उघडलं, ते हा प्रश्न विचारायला.

जानूबुवा मठाच्या पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. एक दाणा आपल्या तोंडात, एक बाबलच्या चोचीत, एक शेवंतीच्या.

“चाय घेतलास?” बुवांनी विचारलं.

“चाय घेतलास?” बाबलनेही विचारलं. त्याच घोगऱ्या आवाजात, आणि मागोमाग बुवांसारखाच खोकलाही काढला.

बाबल आणि शेवंती म्हणजे राखाडी पोपटांची जोडी. शेपटी तेवढी लालभडक. मठाचा एक भक्त बोटीवर नोकरीला होता, त्याने ती आफ्रिकेतल्या बंदरावरून आणली. त्याच्या बायकोने आठ दिवस ती बडबड ऐकली आणि सांगितलं, घरात एक तर ही राहतील किंवा मी. तेव्हापासून ती बुवांच्या पडवीत, पिंजऱ्यात होती. कुकरची शिटी, बिजागरीची करकर, बुवांचा खोकला... सगळं त्यांच्या गळ्यात होतं.

पडवीला लागूनच्या बिनदाराच्या खोलीत वकिलांना जागा मिळाली होती. मौन पाळायचं आणि शेजार पोपटांचा! वकिलांना ती बुवांची परीक्षा वाटली. परीक्षेला घाबरणारा माणूस तो नव्हे.

अच्युत परुळेकरांनी आयुष्यभर बोलून जिंकलं होतं. कोर्टात समोरच्याला ते उभं राहू देत नसत आणि घरीही नाही. पुढे ते अध्यात्माकडे वळले, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता न बोलून जिंकायचं. आणि वर्षभर एक शब्द उच्चारला नाही. त्यांची जिद्द कोणीही मानावी अशीच होती.

“छाटी देवया,” बुवा म्हणाले. “घरकारणीक इचारलास?”

बायकोच्या होकाराशिवाय संन्यास द्यायचा नाही, हा मठाचा जुना नेम.

“विचारलं होतं. निघतानाच.”

“मगे?”

“सुलभा तांदूळ निवडत होती. काही बोलली नाही.”

बुवांनी एक शेंग फोडली.

“मौन म्हणजे संमती, बुवा. कोर्टसुद्धा ते मानतं.”

“बरा,” बुवा म्हणाले.

ते उठले, आत गेले आणि संन्याशाची भगवी छाटी घेऊन आले. नवीकोरी, घडीही न मोडलेली. वकिलांनी दोन्ही हात पुढे केले.

बुवांनी छाटी आपल्या मांडीवर ठेवली.

“थोडे आत जावा. दाराआड उभे रवा. आणि आयका.”

“काय ऐकू?”

“वरीसभर बोलाक नाय तुमी. आता वायच आयका.”

वकील पडवीतून मठात जाणाऱ्या दाराआड जाऊन उभे राहिले. हाही एखादा विधी असेल, असं त्यांना वाटलं.

या जातीच्या पोपटांची एक खोड असते. सोबतीचं माणूस उठून गेलं, की त्याला हाका मारायच्या. पुष्कळदा त्याच माणसाच्या आवाजात. वकील रोज पहाटे नदीवर जात आणि ऊन वर आल्यावर परतत. मधल्या वेळात पडवीत काय चालतं, हे मठातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एक त्यांनाच नव्हतं.

तेवढ्यात गावातली पार्वती गावकरीण आली. वकिलांसाठी तिने केळफुलाची भाजी आणली होती.

“वकील आसत?” तिने पडवीच्या पायरीवरून विचारलं.

“च्...” बाबलने जीभ टाळ्याला लावली. मग नाकातून जोरात वारा सोडला. “हं!”

पार्वती पायरीवरच थबकली.

“रागावलेत जणू. आजय,” ती हळूच म्हणाली. “रवांदे. ह्या तेंका देवा, बुवा.” भाजीचं भांडं ठेवून ती आल्या पावली परतली.

वकील दाराआडून बाहेर आले. कान लाल झाले होते.

“हे... माझं?”

“आमचा तर न्हय.”

वकिलांनी घसा साफ केला. आवाज पुन्हा कोर्टातला झाला.

“बुवा, मौनाचा नियम शब्दाचा आहे. मी शब्द उच्चारलेला नाही. सुस्कारा म्हणजे बोलणं नव्हे.”

“खरा,” बुवा म्हणाले. “शब्द नाय.”

बुवा इतक्या लवकर कबूल होतील, असं वकिलांना वाटलं नव्हतं. जिंकल्यासारखं वाटलं, पण नेहमीसारखी मजा आली नाही.

“आणि मौन धरण्याआधी महिनाभर मी या दोघांना ‘शिवोऽहम्’ शिकवत होतो,” ते म्हणाले. “एकदाही म्हटलं नाही त्यांनी. आणि हे असलं मात्र बरं उचलतात!”

“तोंडातला नको आसता तेंका,” बुवा म्हणाले. “पोटातला घेतत.”

“म्हणजे माझ्या पोटात एवढंच आहे? ‘च्’ आणि ‘हं’?”

बुवांनी हाताने खूण केली. पुन्हा दाराआड.

या खेपेला वकील जरा नाखुशीनेच गेले.

बराच वेळ काही झालं नाही. बाबल पंख साफ करत बसला. शेवंती पिंजऱ्याच्या दांडीवर एका टोकाला सरकली, तिने दाराकडे मान वळवली आणि वाट पाहिली. माणूस येत नाहीसं पाहून ती बोलली.

“सुलू...”

आवाज वकिलांचा होता. पण कोर्टातला नव्हे, घरातलाही नव्हे. अगदी हळू, झोपेने जड झालेला.

“सुलू... जेवलीस?”

शेवंतीने मान तिरकी केली आणि थांबली. उत्तराची वाट पाहतात तशी थांबली. मग पुन्हा तेच.

“सुलू... जेवलीस?”

वकील चौकटीला धरून पडवीत आले. चेहरा पार उतरला होता. सुलू हे नाव लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतलं. मग वकिली वाढली, बायकोची सुलभा झाली आणि तिच्या प्रत्येक बोलण्याची उलटतपासणी सुरू झाली. पुढेपुढे तिने बोलणंच सोडलं. जेवलीस का, असं वकिलांनी जागेपणी तिला कधी विचारलं असेल, तर ते त्यांना आठवत नव्हतं.

“हे मी म्हणालो नाही,” ते म्हणाले.

“झोपेत.”

“झोपेतलं बोलणं पुरावा म्हणून धरत नाहीत.”

“कोर्टात धरनत नाय,” बुवा म्हणाले. “शेवंतीन धरल्यान.”

वकिलांनी पिंजऱ्याकडे पाहिलं.

“रोज इचारता ती. तुमी नदीर गेलास काय सुरू. आमी उत्तर काय देवचा, सांगा?”

ज्याने उभ्या जन्मात कुणाचं उत्तर बाकी ठेवलं नाही, तो माणूस एका पाखरासमोर गप्प उभा होता. वर्षभरात त्यांना इतकं गप्प कोणी पाहिलं नव्हतं.

मग ते सावरले. जिद्दीचा माणूस एका धक्क्यात हार मानत नाही.

“ते मागचं आहे, बुवा. जुन्या सवयी. छाटी अंगावर आली, की सगळं मागे पडेल.”

“पडात?”

“नक्की पडेल.”

बुवांनी मांडीवरची छाटी उचलली. घडी मोडली. दोन्ही हातांनी झटकली आणि पिंजऱ्यावर टाकली. चारही बाजूंनी नीट ओढून घेतली, कुठे फट राहू दिली नाही.

पिंजऱ्यावर कापड पडलं, की पोपट गप्प होतात. रात्र झाली समजतात. पडवी खरोखरच शांत झाली.

वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. बुवांकडे पाहून ते हसलेसुद्धा.

“बघा, बुवा. म्हणालो होतो ना...”

“सुलू...” छाटीच्या आतून आवाज आला.

वकिलांचं हसू जागच्या जागी राहिलं.

“सुलू... जेवलीस?”

वकील खाली बसले. त्यांनी तोंडावर हात धरला. डोळे वाहू लागले आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. बुवा शेंगा फोडत राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

शेवटी वकील म्हणाले, “संमती नव्हती ती.”

बुवांनी वर पाहिलं.

“तिचं मौन. ती संमती नव्हती, बुवा.”

बुवांनी पार्वतीच्या भाजीचं भांडं तेवढं वकिलांपुढे सरकवलं.

वकिलांनी हात लावला नाही. उठले, खोलीत गेले, आपली पिशवी घेऊन आले. पिशवी येताना आणली होती तेवढीच होती. पायरीवर चपला घातल्या आणि तिथेच घुटमळले.

“बुवा...”

“काय?”

“तिथे जाऊन मी बोलू काय?”

बोलण्यावर ज्याचं पोट होतं, त्या माणसाने हे विचारलं. बुवांनी हनुवटीने पिंजरा दाखवला.

वकिलांनी छाटीकडे पाहिलं. आतून पंखांची बारीक फडफड ऐकू आली. त्यांनी मान डोलावली. एक पायरी उतरले. पुन्हा वळले.

“आणि ती काहीच बोलली नाही तर?”

बुवांनी पिंजऱ्यावरची छाटी काढली. जुन्या घडीवर नीट घडी घातली. मग एक शेंग फोडून दाणा शेवंतीच्या चोचीपुढे धरला.

“शेवंतीन इचारूचा सोडल्यान काय?”