बंद दरवाजा

कऱ्हाडच्या वाचनालयात दर रविवारी कथेचा खेळ रंगायचा. मृण्मयी गोष्ट सांगायची, खेळणारे आपापलं पात्र काय करतंय ते बोलायचे आणि फासे टाकायचे. एका रविवारी मित्राच्या गडावर मदत घेऊन निघालेल्या सेनापतीचं पात्र होतं निवृत्त प्राचार्य टिळेकर सरांकडे. गडाच्या बंद दरवाजापाशी ते तासभर अडले. कुऱ्हाडी झाल्या, सुरुंग झाले. शेवटी सर गुरकावले, "तुझा खेळच सदोष आहे. उत्तर सांगितलंस तर तू हरलीस, खेळ थांबला तरी तूच हरलीस."

मृण्मयीने टेबलावर तीनदा टकटक केली. "आतून कोणीतरी दार ठोठावतंय."

"कोण आहे?" सर बोलून गेले.

"दरवान," मृण्मयी ताठ मानेने म्हणाली. "कडी काढता काढता तो विचारतोय, 'सेनापती, तासभर धडका देताय, एक हाक मारायला काय झालं होतं?'"