अस्वलाच्या आठळ्या

प्राणी घरोघरी चूल पेटवत असत, त्या काळातली गोष्ट. एका अस्वलाने फणसाचे गरे फस्त केले आणि आठळ्या मीठ घालून मडक्यात उकडल्या. पण त्या सोलायच्या कशा? त्याच्या जाड नखांत आठळीचा पार चेंदामेंदा व्हायचा. म्हणून त्याने शेजारच्या खारीला बोलावलं. निम्म्या तिच्या, निम्म्या त्याच्या, असं ठरलं.

खार झरझर सोलू लागली. थोड्या वेळाने अस्वलाने पाहिलं, तर सालींचा हा मोठा ढीग आणि वाडग्यात जेमतेम चार आठळ्या.

"बाकीच्या कुठे गेल्या गं?"

"नीट शिजल्यात का, ते बघत होते, दादा," खार कशीबशी बोलली. तिचे दोन्ही गाल टम्म फुगले होते.

"बरं बरं. आता सोलताना गाणं म्हण. मध्ये अजिबात थांबायचं नाही!" अस्वल म्हणालं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पाय पसरून बसलं.

खारीने मोठ्याने सूर लावला. वाडगं भरू लागलं. पण गाणं ऐकून आधी ससे आले, मग मोर आला, मग माकडांची अख्खी टोळी आली.

"जेवणावळ आहे वाटतं, दादा?" माकडांनी विचारलं.

दारी आलेल्यांना नाही कसं म्हणायचं? अस्वल एकेकाला वाढत गेलं आणि वाडगं रिकामं झालं.

"अगं, पुरे! गप्प बस!" ते कळवळून ओरडलं.

"मध्ये थांबायचं नाही ना, दादा?" असं म्हणून खारीने आणखी वरचा सूर लावला. तिकडे डोंगरावर गव्यांच्या कळपाने कान टवकारले.